कळल्या दिवसापासून

धोंडू तांडेल बुडाला तो हंगामाच्या शेवटच्या खेपेला. वैशाख उतरणीला लागलेला, वारा फिरलेला, शहाणी माणसं आपापले मचवे वर ओढून झावळांनी शाकारून बसलेली. पण धोंडूला शहाणपण सांगणारा अजून जन्माला यायचा होता. जयगडहून कौलं भरून निघाला आणि मिऱ्याच्या डोंगराशी येतो न येतो तोच वावटळीने मचवा पालथा घातला. खलाशी फळकुटांना धरून किनाऱ्याला लागले. तांडेल सुकाणूपाशी होता, डोलकाठी त्याच्याच अंगावर आली. सदू खलाशाने ते डोळ्यांनी पाहिलं. प्रेत काही लागलं नाही.

सदू ओल्या कपड्यांनिशी मांडवीच्या पुळणीची वाळू तुडवत गंगुबाईच्या अंगणात आला आणि खाली बसला. "वयनी, तांडेल गेला गो," एवढंच त्याला बोलता आलं.

गंगुबाईने हंबरडा फोडला. दोन्ही हात उचलून ती दाराच्या चौकटीवर बांगड्या फोडणार, तोच तिचा मोठा दीर काशीराम ओटीवरून ओरडला, "तुळसा, धर तिचे हात! आधी आत्मारामाचं काय ते बघू दे." आणि तुळसाने, त्याच्या बायकोने, जावेची मनगटं अशी करकचून धरली की बांगडी काही फुटली नाही, हात मात्र सुजले.

आता हा आत्माराम म्हणजे धोंडूचा एकुलता एक मुलगा. मुंबईत होता, आणि काय करत होता ते मांडवीत धड कुणाला सांगता येत नसे. गिरणीत नाही, गोदीत नाही, पगारसुद्धा नाही. धोंडूने एकदा मुंबईच्या एका आगबोट कंपनीच्या कचेरीत पाहिलं होतं: टोपीवाला एक माणूस आत आला तशी सगळी कारकून मंडळी ताडकन उभी राहिली आणि बडा साहेब स्वतः खुर्ची ओढायला धावला. धोंडूने चौकशी केली. तो म्हणे ऑडिटर. त्याची सही झाल्याशिवाय कंपनीचा हिशेब खरा नाही! झालं. घरी येऊन धोंडूने जाहीर केलं, आपला पोरगा हा होणार.

होणं सोपं नव्हतं. सरकारने नवे नियम केलेले. परवाना असलेल्या ऑडिटरच्या हाताखाली तीन वर्षं उमेदवारी करायची, त्याने ती पुरी झाल्याचा दाखला द्यायचा, मग सरकारी परीक्षा, मग सरकारच्या बुकात नाव. फोर्टातला एक साहेब कसाबसा कबूल झाला. करारावर आंगठा उठवायला धोंडू स्वतः गेला तेव्हा साहेबाने बजावलं, "आजार, लग्न, मयत, मला काही सांगायचं नाही. ठरल्या रजेवर एक दिवस चढला की करार फाटला. तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून, आणि तीसुद्धा दुसऱ्या कुणाकडे." धोंडू हसून म्हणाला होता, "साहेब, आमच्याकडं मरायला वेळ हाय कुणाला?"

उमेदवारीचं तिसरं साल लागतं न लागतं तोच आत्माराम विषमज्वराने पडला आणि त्या सालची सगळी रजा खाटेवर संपली. आणि बाप मेला तो नेमका आता, आगबोटी बंद व्हायच्या तोंडावर. पोरगा आला की अडकला. घाटावरून कोल्हापूर गाठून परत जायचं म्हटलं तरी सुतकाचे दिवस त्याला घरात काढावेच लागणार.

काशीरामने भटजींना बोलावून विचारलं. भटजी म्हणाले, "मुलाला बाप गेल्याचं कधीही कळो, कळल्या दिवसापासून त्याचं सुतक. दहा दिवस. मग तो महिन्याने कळो की वर्षाने."

"आणि कळलंच नाही तर?"

"कळलंच नाही तर सुतक कसलं?" भटजी म्हणाले, आणि आपण काय बोलून गेलो ते ध्यानात येऊन पंचांग गुंडाळायला लागले.

काशीरामने तेवढं धरलं. माणूस वाईट नव्हता हो, हट्टी होता. मेलेल्या भावाचा हट्ट त्याने आपल्या डोक्यावर घेतला. शेजारपाजार जमवून सगळ्यांच्या हाती नारळ देऊन शपथ घातलीन: पोराची परीक्षा होईपर्यंत मुंबईत कुणी चकार शब्द काढायचा नाही. सदूने पण नारळ हाती घेतला. प्रेताच्या जागी दर्भाच्या पुतळ्याचं दहन पोरानेच करायचं, पिंड त्यानेच द्यायचा, तो येईल तेव्हा. तोवर धोंडूने थांबावं.

"आणि मी?" गंगुबाईने विचारलं.

"तू पण थांब. विधी झाल्याशिवाय कुंकू पुसायचं नाय. आगबोटी बंद झाल्या तरी मांडवीची माणसं घाटावरून मुंबईला जातात-येतात. शपथ घेतली तरी तोंडं ती तोंडंच. तुझं रिकामं कपाळ बघून कुणी सांगितलान तिकडं, तर?"

नवऱ्याची एकच इच्छा होती आणि पोराची झालेली दोन वर्षं पाण्यात जाणार होती. गंगुबाई उठली, तोंड धुतलं, आरशासमोर बसली आणि कुंकू लावलं. मेलेल्या नवऱ्याच्या नावाने कुंकू लावणारी बाई कुठल्या नरकात जाते ते तिला ठाऊक नव्हतं, पण जागा असणार एवढं ती समजून होती.

पावसाळा जमेल तसा काढला. काशीराम तिच्या नावाने पत्रं लिही: बाबा खुशाल आहेत, मचवा शाकारला आहे, तुझी आठवण काढतात. उलट टपाली आत्मारामचं पत्र येई आणि शेवटी न चुकता असे, "ती. बाबांस साष्टांग नमस्कार." काशीराम ते मोठ्याने वाचून दाखवी. गंगुबाई पदर तोंडात कोंबून मागीलदारी जाई.

गावाने शपथ पाळली, पण तोंडाची खाज भागवायला गंगुबाई होतीच की! विहिरीवर बायका तिला वाट देत ना. नागपंचमीला तिच्या घरचं कुणी काही खाल्लं नाही. कुणीतरी तिला नाव ठेवलं, "मेलेल्याची सवाशीण," आणि ते मांडवीभर झालं. ज्या बायकांनी नारळावर हात ठेवून तिला हे सोंग घ्यायला लावलं, त्याच तिला बघून कपाळावर हात आडवा धरून जात. आणि तुळसा, मनगटं धरणारी जाऊ! तिने आपल्या सुनेला सांगून ठेवलं, काकीच्या हातचं हळदकुंकू घ्यायचं नाय, अपशकुन असतो.

कावळे अंगणात उतरले की गंगुबाईचा जीव गोळा होई. पिंड नाही, पाणी नाही, अग्नी नाही. धोंडू कुठेतरी ओलाच बसला असेल असं तिला वाटे. "थोडं थांबा," ती कावळ्यांना सांगे, "पोराचं होऊ दे. तुमचंच तर होतं सगळं." कधी कधी ती त्याच्यावर चिडेसुद्धा. कशाला गेला होतात हो कौलं आणायला? कुणाचं घर गळत होतं?

गणपतीला आत्माराम आला. सणासाठी कचेरी मोजून पाच दिवस बंद, ती सुट्टी रजेत धरत नसत; जाणंयेणं त्यातच. आगबोटीतून पडावात, पडावातून पुळणीवर उतरला तो वाळलेला, डोळे खोल गेलेला. गंगुबाई त्याला बघताच पुढे झाली. आता सांगून टाकावं, पोराच्या गळ्यात पडून एकदा रडून घ्यावं! पण काशीराम मागेच उभा होता. "सुतक लागला की पोर घरात बसला," तो ओठ न हलवता म्हणाला. "आणि तिकडं साहेबाने करार फाडलान. बघ बाई, तुझं तू."

"बाबा कुठायत?" आत्मारामने विचारलं.

"मालवणाकडं गेले हायत," गंगुबाई म्हणाली. "नवा मचवा बघायला."

"गणपतीला पण नाहीत?"

"येतील. वारा मिळाला की येतील."

तो हं म्हणाला आणि हातपाय धुवायला गेला. रात्री जेवताना त्याने बापाचा पाट रिकामा ठेवायला लावला.

दुसऱ्या दिवशी गौरीचा ओवसा. काशीरामच्या घरी गौर बसलेली. वाडीतल्या सवाशिणी नटूनथटून, सुपांत पाच फळं, पानं, करंड्या भरून, नवऱ्याच्या आयुष्यासाठी गौरीपुढे सुपं ओवाळत होत्या. गंगुबाई आजारपणाचं निमित्त सांगून तिथेच मागच्या पडवीत पडून राहिली होती. तेवढं तरी पाप टळू दे, असं तिने गौरीला हात जोडून सांगितलं होतं.

आत्माराम पडवीत आला. "आई, तू नाही ओवसणार?"

"अंगात कसकस हाय रे."

"दर वर्षी ओवसतेस. बाबा दर्यावर असताना तर चुकवत नाहीस." तो बाहेरच्या लोकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलत होता. "उठ. सूप मी आणून देतो."

आणि त्याने आणून दिलं! गंगुबाई उठली. काशीरामने मान हलवली, म्हणजे कर. बायका बाजूला झाल्या, जशा गटाराला वाट देतात. तुळसा तर उठून आतच गेली. गंगुबाईने सूप उचललं, गौरीच्या तोंडाकडे न बघता ओवाळलं, आणि ओठांतल्या ओठांत नवऱ्याचं नाव घेऊन त्याला दीर्घायुष्य मागितलं. मागे कुणीतरी फिसकन हसलं. आत्माराम दाराला टेकून बघत होता. त्याने वाकून आईच्या पाया पडून सुपातलं केळं मागून घेतलं आणि खाल्लं.

तो गेल्यावर गंगुबाई तापाने फणफणली. तापात एकच बडबड, "गौरीबाय, माझं मला दे, पोराला काय करू नको."

गौरीबायने पोराला काही केलं नाही. शिमग्यापाठोपाठ तीन वर्षं पुरी झाली. साहेबाने दाखला दिला, आणि वर म्हणे लिहिलं की असा नेमाचा उमेदवार मी पाहिला नाही. परीक्षा झाली. वैशाखात निकालाची तार आली. आत्माराम पास! सरकारी बुकात नाव चढलं, आता कंपन्यांचे साहेब त्याला खुर्ची ओढून देणार. काशीरामने वाडीभर साखर वाटली, आणि मग भटजींना निरोप धाडला की तयारीला लागा.

आत्माराम उतरला तेव्हा अर्धी मांडवी पुळणीवर होती. डोक्याला टोपी, गळ्यात टाय, पायांत बूट. बुटांत वाळू जाऊ नये म्हणून जपून पावलं टाकत तो अंगणात आला. गंगुबाई दारात उभी होती. आज तिची सुटका होती. वर्षाचं ओझं आज उतरणार, धोंडूला अग्नी मिळणार, तिला तिचं रिकामं कपाळ मिळणार. देवा, असं मागणं कुठल्या बाईने मागितलं असेल!

काशीरामने पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आत्माराम, मन घट्ट कर. तुझा बापूस गेला रे. गेल्या वैशाखात. तुझी तीन वर्षं बुडू नयेत म्हणून आम्ही सगळ्यांनी छातीवर दगड ठेवला."

आत्मारामने टोपी काढली. खाली बसला. "बाबा!" म्हणून त्याने टाहो फोडला, कपाळ जमिनीला लावलं, खांदे गदगदा हलू लागले. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. पुरुष खाकरले. गंगुबाई धावत त्याच्यापाशी जायला निघाली.

तेवढ्यात सदू खलाशी माणसांतून पुढे आला. तो वर्षभर मुंबईला भाऊच्या धक्क्यावर हमाली करून नुकताच परतला होता. तो कमरेवर हात ठेवून आत्मारामकडे बघत राहिला, आणि मग त्याचं डोकं फिरलं.

"रडतोस कुणाला दाखवायला रे?" तो ओरडला. "मेल्या, मी तुला त्याच आठवड्यात सांगितला नव्हता? शेवटची आगबोट पकडून आलो, नारळाची शपथ मोडली, तुझ्या खोलीवर येऊन सांगितला. बापूस माझ्या डोळ्यांदेखत गेला म्हणून. हात धरलास माझा, म्हणालास, सदूकाका, तुम्ही सांगितलंत हे कुणाला बोलू नका. मला वाटला, गणपतीला येऊन आवशीला तरी गुपचूप सांगितलं असशील!"

आत्मारामचे खांदे हलायचे थांबले. त्याने मान वर केली तेव्हा त्याचे डोळे कोरडे होते.

गंगुबाई अर्ध्या वाटेत उभी होती. "तुला ठाऊक होतं?" तिने विचारलं.

"आई, नीट ऐकून घे," आत्माराम उभा राहून गुडघे झटकत म्हणाला. आवाज अगदी शांत. "कळल्या दिवसापासून सुतक. मला कळलं असं मी एकदा कबूल केलं, की मला घरी यायला हवं. आलो की करार गेला. म्हणून मी ऐकलंच नाही असं धरलं. घरून काही आलं नव्हतं. तुम्ही सगळ्यांनी तरी दुसरं काय केलंत? उलट तुमचं पत्र आलं, बाबा खुशाल आहेत म्हणून. मी ते प्रमाण मानलं."

गंगुबाई आणखी पुढे आली.

"ओवशाच्या दिवशी ठाऊक होतं तुला?"

आत्माराम बुटांवरची वाळू झटकू लागला.

"मी विचारत्ये तुला. मी पडून राहिले होते. गौरीला हात जोडून सांगितलं होतं, एवढं एक पाप माझ्या माथी नको. तू मला उठवलंस. सूप आणून दिलंस हातात. का रे?"

"मी विचारलं नसतं तर काकांना संशय आला असता," आत्माराम म्हणाला. "ते म्हणाले असते, पोराला कळलंय, आता विधी उरकून घेऊ. आणि काका असं म्हणाले असते तर मी नाही कसं म्हणणार होतो? शेवटी जमलं ना सगळं? बाबांचीच इच्छा होती."

गंगुबाईला वाटलं, कुणीतरी त्याच्या थोबाडीत मारील. भटजी, काशीराम, कुणीही. पण कुणी मारली नाही. उलट एक म्हातारा हळूच दुसऱ्याला म्हणाला, "पोर धोरणी हाय हो." आणि दुसऱ्याने मान डोलावली. ऑडिटरशी वैर कोण घेणार? गंगुबाईने दोन्ही हात तुळसापुढे केले. "फोड," ती म्हणाली. तुळसाने ह्या वेळी वेळ लावला नाही. काचा अंगणभर उडाल्या.

पुळणीवर दर्भाचा पुतळा जाळला. आत्मारामने क्षौर केलं, ओल्या पंच्याने सगळं यथासांग केलं; मंत्र सांगताना भटजी अडखळले तर हा आठवण करून देई. गंगुबाईच्या मनात एकच आशा उरली होती. दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवायचा नाही. धोंडू शिवूच देणार नाही. आपली बायको वर्षभर कशी विटंबली हे त्याने वरून पाहिलंय. तो कावळा दूर ठेवील, गावासमोर पोराला दिवसभर उन्हात ताटकळत ठेवील, पोराला माझी माफी मागायला लावील, मगच.

पिंड ठेवून माणसं मागे सरली मात्र, माडावरून कावळा उतरला आणि चटकन शिवला.

"बघा, धोंडू खूश हाय पोरावर!" काशीराम रडत रडत ओरडला. सगळे म्हणाले, भाग्यवान बाप. गंगुबाईने समुद्राकडे पाठ केली आणि ती घरी चालू लागली. ह्यापुढे तिने नवऱ्याशी बोलणं सोडलं. कावळे अंगणात येत, ती हाडहाड करी.

तेरावा झाला आणि आत्माराम निघाला. आगबोट लांब उभी, पडाव पुळणीला लागलेला, पोहोचवायला सगळी मंडळी. गुळगुळीत डोक्यावर टोपी ठेवून तो म्हणाला, "आई, पावसाळा झाला की तुला मुंबईला नेतो. आता चांगली खोली घेईन."

गंगुबाईने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती सदूपाशी गेली. पदर कपाळावर पुढे ओढलेला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "सदू, मी मेले की ह्याला कळवायचं नाय."

"वयनी, असं अभद्र..."

"तुझ्या गळ्याची आण हाय तुला. तार नाय, पत्र नाय, तोंडी नाय. अग्नी तू दे, पिंड तू ठेव. कुणी विचारलान तर सांग, पोराची कसली तरी परीक्षा हाय. त्याला सुतक नको लागायला. मागच्या खेपेला शब्द मोडलास, आता तरी तोंड मिटून ठेव."

आत्माराम कसनुसं हसला. "रागात आहे. निवेल," असं काकाला म्हणून तो बूट हातात घेऊन पडावात चढला. खलाशांनी त्याला बसायला मधली फळी पुसून दिली.

पुढे पाच पावसाळे गेले. सदूने ह्या वेळी शब्द पाळला.